पूर ओसरल्यानंतरची शाळा : मुलांना मानसिक आधार आणि शिक्षकांचं प्रशिक्षण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, कागवाड या तालुक्यांतल्या शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) सदस्यांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. २००५, २०१९, २०२१, २०२४. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय यांपैकी कुठली ना कुठली नदी या वर्षांत आपल्या गावांत शिरली. दर वेळी पडझड झालेल्या वर्गखोल्यांची यादी झाली. मुलांच्या मनावर काय गुदरलं, याची यादी कुणी मागितली नाही आणि ते ओझं वर्गातल्या बाईंवर, गुरुजींवर येऊन पडलं. ते पेलायची तयारी त्यांना आधीच मिळाली पाहिजे, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं आहे.

आम्ही शिक्षक. समुपदेशन हे आमचं काम आहे का?

नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. पुरानंतर उपचार लागतात ते थोड्या मुलांना, आधार लागतो सगळ्यांना. हा आधार देण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेचा रोजचा क्रम पुन्हा उभा करायचा, मूल बोलेल तेव्हा नीट ऐकायचं आणि ज्याला आपल्या आवाक्याबाहेरची मदत लागणार आहे त्याला वेळेत ओळखून पुढे पोचवायचं. शिक्षकाचं काम इथपर्यंत आहे.

आपत्तीतल्या मानसिक आधाराविषयी २००७ मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली, त्यांत मदतीची एक उतरंडच मांडली आहे. सगळ्यात खाली अन्न, निवारा, सुरक्षितता. त्यावर घरच्यांचा आणि गावाचा आधार. त्यावर थोडं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची मदत. अगदी वरचं छोटं मडकं मानसोपचारतज्ज्ञांचं. शाळा मधल्या दोन थरांत बसते. ते थर कच्चे राहिले, तर डॉक्टरांकडे जायची वेळ अशा मुलांवरही येते ज्यांना खरं तर त्याची गरज नव्हती.

आमच्या गावात जीवितहानी झाली नाही. तरीही याची गरज आहे का?

आहे. मोठ्यांचा हिशेब घर, ऊस आणि जनावरं असा असतो. मुलाचा हिशेब वेगळा असतो. त्याचं दप्तर गेलेलं असतं, अंगणातलं कुत्रं दावं न सोडल्यामुळे तिथंच राहिलेलं असतं, नाहीतर आजोबांचा फोटो भिंतीसकट खाली आलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मातीच्या भिंतींची घरं एकापाठोपाठ एक बसली, आणि भिंत पडायचा आवाज ज्या मुलांनी रात्रीच्या अंधारात ऐकला ती पुढे कितीतरी दिवस पक्क्या इमारतीतसुद्धा भिंतीला टेकून बसायला तयार नव्हती.

शिवाय पुराचा त्रास पाणी उतरल्यावर संपत नाही. घर ए यादीत (पूर्ण पडलेलं) आलं की सी यादीत (थोडं नुकसान) गेलं, तलाठी आले होते का, सोसायटीचं कर्ज कसं फेडायचं, यावर घरात रोज आवाज चढतो. मूल कोपऱ्यात बसून सगळं ऐकत असतं. आपल्या वह्या-पुस्तकांचा खर्च घरावर नको म्हणून शाळाच सोडावी, असं दहा वर्षांचं पोरही मनात धरून बसतं. पाण्याने जेवढं घाबरवलं नसेल तेवढं ही नंतरची ओढाताण मुलाला पोखरते. म्हणून पुरानंतरचा पहिला आठवडा जितका महत्त्वाचा, तितकाच दसऱ्याच्या सुट्टीपर्यंतचा काळही.

मुलांमध्ये कोणते बदल दिसतात?

वयाप्रमाणे वेगवेगळे. अंगणवाडीतली आणि पहिली-दुसरीतली मुलं आईला सोडत नाहीत. सुटलेली सवय परत येते, म्हणजे अंथरूण ओलं होतं, अंगठा तोंडात जातो, बोबडं बोलणं सुरू होतं. तिसरी ते सातवीची मुलं पोट दुखतंय, डोकं दुखतंय म्हणतात, आणि ते ढोंग नसतं, त्यांचं पोट खरंच दुखतं. खेळात पुन्हा पुन्हा तेच येतं : बोट उलटली, पूल तुटला, सगळे बुडाले. काहींना वाटतं की आपल्यामुळेच झालं. मी आईचं ऐकलं नाही म्हणून नदी आली, असं कारण मूल स्वतःशी जुळवून टाकतं आणि कुणाला सांगत नाही. आठवी-नववीच्या पुढची मुलं चिडतात, एकटी राहतात, अभ्यासाला काय अर्थ आहे म्हणतात, काही जण मुद्दाम पुराच्या पाण्यात उड्या मारायला जातात.

वेदगंगेकाठच्या एका शाळेत चौथीतली एक मुलगी दप्तर खाली ठेवेना. फळ्यावर गणित सोडवायला उठली तरी दप्तर पाठीवर, अक्षर दासोहच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) पंगतीला बसली तरी मांडीवर. बाईंनी तिला एकदाही टोकलं नाही. त्यांनी खिडकीच्या वरच्या फळीवर, पाण्याची जुनी खूण होती त्याच्याही वर, सगळ्यांच्या दप्तरांसाठी जागा केली आणि म्हणाल्या, "पाणी आलं तर इथपर्यंत येत नाही." काही दिवस ती मुलगी नुसती बघत राहिली. नंतर एके दिवशी तिने स्वतःहून दप्तर वर ठेवलं. प्रशिक्षणात शिकवायचं ते हेच. वागण्यामागची भीती ओळखायची आणि ती भीती बोलून नाही, तर काहीतरी करून कमी करायची.

शांत मुलाकडे मात्र विशेष लक्ष द्या. दंगा करणारं मूल आपोआप नजरेत येतं. गप्प बसलेलं, आधीपेक्षा जास्तच शहाण्यासारखं वागणारं, धाकट्या भावंडांची आई झालेलं मूल नजरेतून सुटतं.

हे किती दिवस चालतं? कधी काळजी करायची?

बहुतेक मुलं साधारण महिन्याभरात सावरू लागतात, कारण त्यांच्या अवतीभवती आईवडील, शाळा, सवंगडी उभे असतात. महिना उलटूनही झोप लागत नसेल, खाणं कमीच असेल, खेळात येत नसेल, हजेरी तुटत असेल किंवा त्रास वाढतच चालला असेल, तर तज्ज्ञांकडे पाठवा. जीव देण्याची भाषा, स्वतःला इजा करणं, भलतंच दिसल्या-ऐकल्यासारखं बोलणं, दिवसच्या दिवस न बोलणं, अत्याचाराची शंका : यात महिना कसला, दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका.

'मानसिक प्रथमोपचार' म्हणजे नेमकं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांबरोबर २०११ मध्ये याची एक मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन क्रियांत आहे : पाहा, ऐका, जोडा.

पाहा म्हणजे आधी सुरक्षितता. मुलाला जखम आहे का, कपडे ओले आहेत का, सोबत कोण आहे, कुणाला तातडीची गरज आहे. भिजलेल्या, भुकेल्या मुलाशी भावनांबद्दल बोलत बसू नका. आधी कोरडा टॉवेल, गरम भात. ऐका म्हणजे शेजारी बसा, त्याच्या उंचीला या, नाव विचारा, आणि त्याला बोलायचं असेल तेवढंच ऐका. मध्ये तोडू नका, "मग पुढे काय झालं?" म्हणून खोदू नका. गप्प बसायचं असेल तर गप्प बसा, पण उठून जाऊ नका. जोडा म्हणजे आई दुसऱ्या केंद्रावर असेल तर तिच्याशी फोन लावून द्या, भावंडं एकत्र आणा, डॉक्टर लागत असेल तर डॉक्टर, कागद लागत असेल तर ग्रामपंचायत. मुलाला खरी माहिती द्या आणि जे आपल्या हातात नाही त्याचं आश्वासन देऊ नका.

यात तंत्र थोडंच आहे. कठीण जातं ते शिक्षकाचा हात आवरणं. आपल्याला समजावून सांगायची, उपदेश करायची, चूक दुरुस्त करायची सवय असते. पहिला सराव लागतो तो ही सवय तेवढ्या वेळापुरती बाजूला ठेवण्याचा.

मुलांना पुराबद्दल बोलतं करायचं की विसरू द्यायचं?

दोन्हीची सक्ती करू नका. घटना घडल्यावर लगेच सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाकडून "तुझ्या बाबतीत काय काय झालं ते सांग" असं वदवून घेण्याची पद्धत एके काळी चालायची. एकाच बैठकीत असं मन मोकळं करायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा तर वाढतो, हे अभ्यासांतून दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत वापरू नये असं सांगितलं.

आपल्याकडे हीच सक्ती निबंधाच्या रूपाने येते. शाळा उघडली की फळ्यावर विषय पडतो : 'मी पाहिलेला पूर'. त्यावर दहापैकी गुण, वर "शुद्धलेखन सुधारा" असा शेरा. कृपा करून हे करू नका. लिहायचं असेल तर विषय मोकळा ठेवा, गुण देऊ नका आणि कुणी पुरावर लिहिलं तर ते वाचून त्याच्याशी एकट्याने दोन शब्द बोला. चित्रांचंही तसंच. कोरा कागद आणि रंग द्या, काय काढायचं ते मूल ठरवेल. पुराचं चित्र काढलं तर "छान" किंवा "हे काय भयानक!" न म्हणता "याबद्दल मला सांगशील?" एवढं विचारा. नाही म्हणालं तर तिथंच सोडा.

आणि ती चित्रं, ते निबंध वर्तमानपत्राला, व्हॉट्सअॅप ग्रुपला, मदत वाटायला आलेल्या पुढाऱ्यांना देऊ नका. मुलाने ते तुमच्या भरवशावर काढलेलं असतं.

काय बोलावं आणि काय टाळावं?

"रडू नकोस, मोठा झालास ना आता", "तुझं काय, दुसऱ्यांचं बघ किती गेलं", "देवाची मर्जी", "आता पुन्हा पूर येणारच नाही" ही वाक्यं मनापासून येतात, पण मुलाला कळतं की आपल्याला गप्प करायचं चाललंय. शेवटचं वाक्य तर खोटं आहे, आणि कृष्णाकाठच्या मुलाला ते खोटं आहे हे तुमच्या आधी माहीत असतं.

त्याऐवजी असं म्हणता येतं : "भीती वाटली असणारच, मलाही वाटली." "यात तुझी काही चूक नाही." "आत्ता आपण इथं सुरक्षित आहोत." "उद्या सकाळी मी इथंच असणार आहे." हे शेवटचं म्हणालात, तर उद्या सकाळी तिथं असाच.

घरातलं माणूस गेलं असेल तर मुलाला कसं सांगायचं?

शक्यतो घरच्या जवळच्या माणसाने सांगावं, शिक्षकाने सोबत असावं. सरळ सांगावं की बाबा वारले, आता ते परत येणार नाहीत. "झोपलेत", "गावाला गेलेत" म्हटलं तर लहान मूल वाट बघतं, नाहीतर स्वतः झोपायला घाबरतं. देवाघरी गेले असं घरचे म्हणत असतील तर त्यांना खोडून काढू नका, फक्त परत येणार नाहीत ही गोष्ट स्पष्ट राहू द्या. तेच तेच प्रश्न मूल पुन्हा विचारेल, तेच उत्तर पुन्हा द्या. दिवसकार्यात मुलाला यायचं असेल तर येऊ द्यावं, नको असेल तर ओढू नये.

शाळेत परतण्याआधी वर्गाशी बोला, म्हणजे "तुझे बाबा बुडाले ना?" हा प्रश्न दारातच त्याच्या अंगावर येणार नाही. पालकांच्या सहीच्या जागी, गॅदरिंगच्या दिवशी, वर्षश्राद्धाच्या सुमाराला त्याचं दुःख वर येतं. त्या तारखा आपल्या डायरीत टिपून ठेवा.

शाळाच काळजी केंद्र झाली तर?

हे आपल्या भागात नेहमीचंच. पूर्वी गंजी केंद्र म्हणायचे, आता सरकारी कागदावर काळजी केंद्र. पाणी चढलं की गावातली उंचावरची इमारत बहुधा शाळेचीच असते. मग तिसरीच्या वर्गात चार कुटुंबं, व्हरांड्यात चूल आणि मैदानात म्हशी.

यात दोन गोष्टी सांभाळा. एक, केंद्रात मुलांसाठी रोज ठरलेल्या वेळी ठरलेली एक जागा ठेवा. तास-दोन तास पुरेत. खडू, गोष्टीची पुस्तकं, सागरगोटे, एक चेंडू. मुलं त्या वेळेची वाट बघू लागतात, आणि दिवसाला पुन्हा आकार येतो. दोन, सुरक्षितता. गर्दीत, अंधारात, परक्या माणसांत मुलामुलींवर हात टाकला जाण्याचा धोका वाढतो. संडासाकडे जायच्या वाटेवर दिवा हवा, मुलींनी जोडीने जावं, आणि खाऊ वाटायला आलेला कुणीही अनोळखी माणूस मुलांना एकटं बाजूला नेणार नाही याकडे कुणाचं तरी लक्ष हवं. कुणाचं, ते नावासकट ठरवून ठेवा.

केंद्र हललं की वर्ग धुऊन घ्या, पण मुलांना त्यात सामील करा. फळ्यावर पहिलं चित्र त्यांना काढू द्या. ही खोली आता परत आपली झाली, हे त्यांना हातांनी कळू दे.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात काय घ्यावं?

घंटा वेळेवर. परिपाठ नेहमीचा. हजेरी नाव घेऊन, आणि जो आला नाही त्याच्या घरी त्याच दिवशी निरोप. अर्धा वेळ शिकवणं, अर्धा वेळ खेळ, गाणी, गोष्टी. लंगडी, लगोरी, खो-खो यांत धावणं आहे, हसणं आहे, एकमेकांना हात लावणं आहे. घाबरून आखडलेल्या शरीराला ते लागतं. चाचणी पुढे ढकला. गणवेश नाही, वही नाही म्हणून कुणाला उभं करू नका.

श्वासाचा एक साधा प्रकार सगळ्यांना शिकवून ठेवा. डाव्या हाताची बोटं पसरायची, उजव्या हाताचं बोट अंगठ्यापासून कडेकडेने फिरवायचं, वर चढताना श्वास आत, उतरताना बाहेर. जोराचा पाऊस आला की पत्र्यावरच्या आवाजाने काही मुलं पांढरीफटक पडतात. तेव्हा हे उपयोगी येतं. ज्याला त्यानेही थांबत नाही, त्याला म्हणा : दिसणाऱ्या पाच वस्तू सांग, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज. मन आठवणीतून वर्गात परत येतं.

स्वयंपाकाच्या मावशींनाही या सगळ्यात घ्या. कोण ताट तसंच ठेवतंय, कोण भाकरी खिशात घालून घरी नेतंय, हे त्यांना आधी कळतं.

प्रशिक्षण कन्नडमधून होतं. मराठी शाळेच्या शिक्षकांनी काय करावं?

कन्नड येणाऱ्या शिक्षकांना विषय समजतो, अडचण तिथं नाही. अडचण सरावाची आहे. रडणाऱ्या मुलाजवळ बसून नेमकं कोणतं वाक्य बोलायचं, ते ज्या भाषेत बोलायचं त्याच भाषेत घोकलेलं असावं लागतं. मूल घाबरलं की घरच्या बोलीत बोलतं. निपाणीकडचं मूल त्याच्या मराठीत, गोकाककडून आलेलं मूल कन्नडमध्ये, कुणी उर्दूत, खानापूरच्या जंगलपट्ट्यातलं एखादं कोकणीत. म्हणून प्रशिक्षणातला सरावाचा भाग मराठी गटात मराठीतून व्हावा आणि हाती दिली जाणारी पत्रकंही मराठीत असावीत, ही मागणी रास्त आहे. ती भाषेच्या वादाचा मुद्दा न करता मुलांच्या गरजेचा मुद्दा म्हणून मांडा. कन्नड शाळेतल्या मराठी मुलांसाठी आणि मराठी शाळेत नव्याने आलेल्या कन्नड मुलांसाठीही हाच न्याय लागू करा. शेजारच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांशी आधीच ओळख ठेवा. पुरात दोन्ही शाळांची मुलं एकाच छपराखाली येतात.

चांगलं प्रशिक्षण कसं ओळखावं?

दिवसभर पडद्यावर तक्ते दाखवून संध्याकाळी प्रमाणपत्र दिलं, तर त्यातून वर्गात काही उतरत नाही. दोन-तीन दिवस हवेत, आणि त्यांतला निम्म्याहून जास्त वेळ प्रत्यक्ष करून बघण्यात जायला हवा. एक शिक्षक मूल होतो, दुसरा शिक्षक शिक्षकच राहतो, तिसरा नुसता बघतो आणि मग सांगतो की तुम्ही दोनदा मध्येच तोडलंत. हे अवघड वाटतं, लाज वाटते, आणि शिकणं होतं ते यातूनच. मुलांच्या वयानुसार प्रतिक्रिया, प्रथमोपचाराच्या तीन क्रिया, गटखेळ, शोकात असलेलं मूल, धोक्याच्या खुणा, पुढे पाठवायची वाट, गोपनीयता आणि शिक्षकाची स्वतःची काळजी, एवढं त्यात यायलाच हवं.

महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकत्र बसणं हवंच. वर्गात अडलं काय ते तेव्हाच कळतं. सीआरपीच्या (आसपासच्या शाळांच्या गटाला मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाच्या) मासिक बैठकीत यासाठी तासभर राखून ठेवला तरी चालतं. एकाने शिकायचं, त्याने दहांना सांगायचं, त्या दहांनी शंभरांना, या साखळीत तिसऱ्या कडीपर्यंत फक्त घोषवाक्यं उरतात. मोठ्या शाळेतून किमान दोघे जण मूळ प्रशिक्षणालाच जावेत.

मुलगी शाळेत येईनाशी झाली, लग्नाची कुजबुज आहे. हा मानसिक आधाराचा विषय आहे का?

आहे. घर पडलं, कर्ज झालं की मुलीची जबाबदारी उरकून टाकण्याची घाई होते. हजेरीतली पहिली फट तिथंच दिसते. आधी घरी जाऊन बोला, पुस्तकं, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची वाट दाखवा. अठरा वर्षांच्या आतलं लग्न २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. थांबत नसेल तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला कळवा.

लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा दाट शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं शिक्षकावर बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून दडपणं हाही गुन्हाच. मुलाला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधी देऊ नका. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल फक्त त्यांनाच सांगेन," असं म्हणा.

एखादं मूल 'जगायचंच नाही' म्हणालं तर?

गंभीरपणे घ्या, प्रत्येक वेळी. "जीव द्यावासा वाटतो का?" असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल सुटकेचा श्वास घेतं. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, घरातली शेतीची औषधं, फवारणीची विषं कुलपात ठेवायला सांगा. आपल्या ऊसपट्ट्यात ती घरोघरी असतात, म्हणून हे सांगणं टाळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा. प्रयत्न केलेल्या मुलावर पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली असलेली मानलं आहे, तिला शिक्षेची नाही तर उपचाराची गरज आहे.

पुढे कुठं पाठवायचं?

टेली-मानस, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे. भाषा निवडता येते, मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. शिक्षकही स्वतःसाठी किंवा मुलाबद्दल विचारायला फोन करू शकतात. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, आणि जास्त गरज असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाची माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मिळते. हा कार्यक्रम आज देशभर चालतो, त्याची सुरुवात १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने आपल्याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगातून झाली. तेव्हा ही सोय मागायला संकोच कसला?

पाठवताना पालकांना "तुमच्या मुलाच्या डोक्यात फरक पडलाय" असं म्हणू नका. "त्याची झोप अजून बसलेली नाही, एकदा डॉक्टरांना दाखवू, मी सोबत येते," असं म्हटलं की बहुतेक आईवडील तयार होतात. पहिल्या वेळी खरंच सोबत जा.

शिक्षक स्वतः पूरग्रस्त असेल तर?

तर आधी त्याला वेळ द्या. स्वतःच्या घरात गाळ असताना शिक्षक केंद्रावर ड्युटी करतात, पंचनाम्याला जातात आणि सोमवारी वर्गात हसत उभे राहतात. झोप उडणं, मुलांवर विनाकारण ओरडणं, काहीच न वाटणं ही थकल्याची लक्षणं आहेत. ती कमजोरी नाही. प्रत्येकाने एक जोडीदार ठरवावा, दिवसाअखेर दहा मिनिटं एकमेकांचं ऐकावं. मुख्याध्यापकांनी ज्याचं घर गेलं त्याची ड्युटी बदलून घेण्यासाठी स्वतः बीईओंशी (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांशी) बोलावं. तो शिक्षक स्वतःसाठी कधीच मागणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात मुलं पुन्हा घाबरतात. काय करावं?

घाबरणारच. जुलै लागला की कोयनेतून किती सोडलं, राजापूर बंधाऱ्यावर किती, यमगर्णीच्या पुलाला पाणी लागलं का, हे आकडे मोबाईलवर दिवसभर फिरतात. त्यात मागच्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून येतात. मुलांनी ते सतत बघू नयेत हे पालकांना सभेत सांगा. मात्र माहिती तोडू नका. रोज परिपाठात एका शिक्षकाने खात्रीची माहिती एकदा, शांत आवाजात सांगावी : आज पाणी कुठं आहे, आणि वाढलं तर आपण काय करणार आहोत.

या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात खरा आधार आहे. मुलांना काम द्या. सातवीच्या मुलांनी पहिलीतल्या एकेका मुलाचा हात धरून उंचावरच्या ठिकाणी जायची रंगीत तालीम करावी. पुस्तकं, आधार कार्डाची झेरॉक्स, घरच्यांचे फोन नंबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी कुठं ठेवायची ते ठरवावं. जनावरांची दावी आधी सोडायची हे घरी सांगावं. आपल्याला काहीतरी करता येतं हे ज्या मुलाला माहीत असतं, ते घाबरलं तरी गळून जात नाही.

प्रशिक्षणाची मागणी कधी आणि कुणाकडे करायची?

पूर आल्यावर नाही. वार्षिक परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंतचा, म्हणजे एप्रिल-मेचा काळ योग्य. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. आपण ज्यात येतो तिथल्या डाएटकडे (जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्थेकडे), बीईओंमार्फत, मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज करा. एसडीएमसीचा ठराव जोडला तर अर्जाला वजन येतं. अर्जात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मानसिक आधाराबाबत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख करा आणि जिल्हा मानसिक आरोग्य पथकाचा माणूस प्रशिक्षक म्हणून मागा. सरावासाठी मराठी गट वेगळा हवा, हेही लिहा. नदीकाठच्या पाच-सहा शाळांनी मिळून एकच अर्ज दिला तर उत्तम. उत्तर आलं नाही, तर पंधरा दिवसांनी त्याच अर्जाची पोच घेऊन पुन्हा जा.